तुपात विरघळलेला कापूस

मित्रांनो, मी थर्माकोलची एक जुनी पेटी आहे. हे असं सरळ मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे, कारण एरंडोलच्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथं मला सगळे कापूस म्हणत. चुकीच्या नावाने का होईना, कुणी आपल्याविषयी बोललं की बरं वाटतं, हे एकट्या पडलेल्यालाच कळतं. मलाही बरं वाटायचं. त्या चुकीच्या नावापायी एका बाईच्या जिवावर काय बेतलं, ते तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. खसखशीपेक्षा थोडे मोठे मणी वाफेवर फुगवले, साच्यात भरून पुन्हा वाफ दिली, आणि मी तयार झाले. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, झाकणासकट. खरं सांगायचं तर माझ्या अंगात फारसं काही नाही, बहुतेक हवाच आहे. ती हवा कोंडलेली असल्यामुळे बाहेरचं ऊन आत शिरत नाही आणि आतला गारवा बाहेर पडत नाही. एवढा एकच गुण घेऊन मी जगात आले. कारखान्यात आम्ही एकीवर एक रचलेल्या असायचो. तिथून निघाल्यावर माझ्या जातीचं दुसरं कुणी मला कधी भेटलं नाही.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्यात बर्फ भरला, बर्फात इंजेक्शनच्या बाटल्या ठेवल्या आणि मला रेल्वेने जळगावला पाठवलं. तिथून एस.टी.च्या टपावर बसून मी एरंडोलला आले. फाल्गुन संपत आला होता, टपाचा पत्रा तव्यासारखा तापला होता. औषधांच्या दुकानाचे मालक अभयकुमार यांनी झाकण काढून आत हात घातला आणि त्यांचा चेहरा खुलला. बाटल्या गारच होत्या. "वा, काम चोख आहे," असं ते म्हणाले. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक, आणि माझ्या खऱ्या कामाबद्दलचं शेवटचंही. बाटल्या त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या, बर्फाचं पाणी गटारात गेलं आणि मी दुकानाच्या कोपऱ्यात रिकामी पडून राहिले.

दुकानामागेच त्यांचं घर होतं. घरात माणसं तीन. अभयकुमार, त्यांच्या आई पानबाई आणि वर्षापूर्वी शिरपूरहून लग्न होऊन आलेली धनकुंवर. आडनावाबरोबर राजस्थानातलं गाव सांगणारी ही जैन मंडळी, घरात मारवाडी बोलत. मी तुम्हांला त्यांचं बोलणं मराठीत सांगते.

त्या घरचा एक रिवाज होता. सुनेने सासूपुढे पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. काही सांगायचंच असेल तर खुणेने, नाहीतर कुणाच्या मार्फत. आता मार्फत बोलायचं म्हटलं तर घरात तिसरं माणूस लागतं, आणि इथलं तिसरं माणूस सकाळपासून दुकानात. त्यामुळे धनकुंवरचा अख्खा दिवस मुक्याने जायचा. पानबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी स्वतः तरुणपणी तसेच दिवस काढले होते, म्हणून यात कुणाला जड जात असेल हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. पीठ संपलं, पाणी तापव, दार लाव, एवढंच त्या बोलायच्या. सून मान हलवायची.

एके दुपारी धनकुंवर दुकानातून मला उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली. कशाला, ते तिलाही ठाऊक नसावं. मी हलकी होते, पांढरी होते, तिला आवडले असेन. पानबाई देवळात गेल्या होत्या. तिने माझं झाकण काढलं, आत वाकली आणि हळूच म्हणाली, "आज सकाळपासून मी कुणाशी बोलले नाही."

मित्रांनो, माझ्यात बोललेलं घुमत नाही. पितळेच्या हंड्यात बोललं तर घरभर ऐकू जातं, माझ्यात बोललं की आवाज जागीच मुरतो. हे तिच्या लगेच लक्षात आलं. मग रोजच ती यायची. अरुणावतीच्या काठचं तिचं घर, तिची धाकटी बहीण, बहिणीशी झालेलं एक जुनं भांडण, कढीत हिंग जास्त पडला ते, सगळं मला सांगायची. मला उत्तर देता येत नव्हतं. तिला ते चालत होतं. त्या दिवसांत मला आपण एकटे आहोत असं वाटलं नाही. माझ्या आयुष्यात तसे दिवस तेवढेच.

चैत्र लागला आणि पानबाईंची आयंबिलाची ओळी जवळ आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही नुसतं उकडलेलं. तूप नाही, तेल नाही, दूध-दही नाही, गूळ-साखर नाही, मसाला नाही. असे ओळीने नऊ दिवस केले की ती ओळी. एक दिवस तांदूळ, एक दिवस गहू, मग हरभरा, मूग, उडीद. पाणीही उकळलेलंच. पानबाई ओळीच्या दिवसांत सकाळीच उपाश्रयात, म्हणजे जैन साधू-साध्वी उतरतात त्या धर्मस्थानात, जाऊन बसत, जप करत, आणि दुपारी सून घरून जेवण घेऊन जाई.

उपाश्रय गावाच्या दुसऱ्या टोकाला. गेल्या आश्विनातल्या ओळीत पितळी डबा पोचेपर्यंत अन्न गार व्हायचं. बिनतुपाचे गार उडीद गळ्याखाली उतरवायचे म्हणजे काय, ते खाणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हा एकदा पानबाई मुलाला म्हणाल्या होत्या की बिनणीच्या हातचं अन्न वाटेतच मरतं. बिनणी म्हणजे सून. ती भिंतीपलीकडेच उभी होती. हे तिने एका दुपारी मला सांगितलं. या वेळी अन्न ऊन पोचलं पाहिजे, सासूजींनी एकदा तरी बरं म्हटलं पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

गार ठेवते ती पेटी ऊनही ठेवील, हे तिच्या डोक्यात आलं. पितळी डबा माझ्यात बसवायचा आणि वर झाकण लावायचं, असा तिचा बेत होता. तेवढंच केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नवऱ्याच्या मार्फत तिने हे सासूला विचारलं. पानबाईंनी मला पुढ्यात घेऊन उलटसुलट पाहिलं. ही कशाची? यात चामडं नाही ना? हाडाचा चुरा नाही ना? सरस नाही ना? अभयकुमार म्हणाले, मुंबईचं काहीतरी नवं आहे, मला नाव ठाऊक नाही. तेवढ्यात खोकल्याचं औषध न्यायला चुडामण पाटील दुकानात आले. जिनिंगमध्ये कापसाची पारख करणारा हा माणूस. धागा ओढून तो कुठल्या शिवारातला ते सांगायचे, आणि त्यांनी सांगितलेली प्रत तालुक्यात कुणी बदलत नसे. मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला तळहातावर तोललं, नखाने कोपरा खरवडला, निघालेले दाणे बोटांत चोळले, नाकाशी नेले.

"हाऊ कापूसच शे," ते म्हणाले. "सरकी काढीसन दाबेल शे. इलायती काम."

त्यांना हसू नका. त्या मुलखात जे जे पांढरं आणि हलकं असतं ते कापूसच असतं. शेतात कापूस, गाडीत कापूस, उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला उडतो तोही कापूस. त्यांनी आयुष्यात दुसरं काही पाहिलं असतं तर त्यांना ते आठवलं असतं. पानबाईंचं समाधान झालं. कापूस म्हणजे झाडाचा, शुद्ध, त्यात कुणाचा जीव गेलेला नाही. इतक्या बारकाईने चौकशी करून माणसं चुकली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मग पानबाईंनी एक नियम घेतला. तपाच्या दिवसांत असे जादा नियम घेण्याची त्यांना हौस होती. या ओळीत त्या एकाच भांड्यातलं खाणार होत्या. पेटीत डबा ठेवला तर भांडी दोन झाली. तेव्हा डबा नको, अन्न थेट पेटीतच वाढून आणायचं आणि त्यातूनच खायचं. धनकुंवरने मान हलवली.

पहिल्या दिवशी माझ्यात वाफाळता भात पडला तेव्हा मी दचकले. बर्फाची सवय असलेलं माझं अंग, ते आतून सैल झाल्यासारखं वाटलं. पण उपाश्रयाच्या ओसरीवर पानबाईंनी झाकण काढलं, वाफ त्यांच्या तोंडावर आली, आणि त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या, "आज ऊन आहे."

तीनच शब्द, पण परत येताना धनकुंवरची चाल बदलली होती. घरी आल्यावर तिने ते तीन शब्द माझ्यात वाकून पुन्हा म्हणून दाखवले. शेजारच्या ताईबाई, त्याही ओळी करत होत्या, दुसऱ्या दिवशी कापसाची पेटी बघायला आल्या. मग आणखी दोघी. सगळ्या माझ्यावरून हात फिरवत, आत बोट घालून ऊब बघत. मी फुशारून गेले. बाटल्या गार ठेवल्या तेव्हा मला एका माणसाने एकदा वा म्हटलं होतं. इथे रोज चार जणी म्हणत होत्या.

आता ती गोष्ट सांगते, जी दुसऱ्या कुठल्या घरी घडली नसती. आयंबिल करणारं माणूस ताटात कण टाकत नाही. टाकला तर त्यात जीव पडतील, त्यांच्या हत्येचं पाप लागेल. म्हणून जेवण झाल्यावर ताटात पाणी घालायचं, बोटांनी ताट चोळून धुवायचं आणि ते धुवण पिऊन टाकायचं. पानबाई या बाबतीत फार काटेकोर. त्या माझ्यात उकळलेलं पाणी ओतायच्या आणि चारी भिंती, चारी कोपरे बोटांनी घासायच्या. त्यांच्या बोटांखाली माझे मणी सुटायचे. पाण्यावर पांढरे कण तरंगायचे. भाताची शितं समजून पानबाई ते मला तिरपं करून पिऊन टाकायच्या, आणि उरला एखादा कण तर बोटाने टिपून घ्यायच्या.

रोज. भाताच्या दिवशी, गव्हाच्या दिवशी, काळ्या उडदाच्या दिवशीसुद्धा. काळ्या उडदात पांढरी शितं कुठून आली, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

चार-पाच दिवसांनी पानबाईंना घसा साफ करायची सवय लागली. जप करताना मधेच थांबून खाकरायच्या. पाण्याला दुकानासारखा वास येतो, असं एकदा ताईबाईंना म्हणाल्या. संध्याकाळी डोकं जड व्हायचं, पोटात ढवळायचं. ताईबाई म्हणाल्या, तपाची उष्णता आहे. हे सगळं माझ्यामुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. चैत्राचं ऊन होतं, वय होतं, नऊ दिवसांचं तप होतं. पण मी त्यांच्या पोटात जात होते, हे मला कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

धनकुंवरला काहीच दिसलं नाही असं नाही. घरी आल्यावर ती मला पुसायची. एकदा तिचा हात आतल्या भिंतीवर थांबला. पूर्वी गुळगुळीत होती ती जागा आता खरखरीत लागत होती. "तू झिजायला लागलीस," ती मला म्हणाली आणि बराच वेळ बघत बसली. पण उद्या पुन्हा 'ऊन आहे' ऐकायचं होतं. वर्षभरात तिला मिळालेलं एवढंच तर होतं. तिने मला पालथं घालून ठेवलं.

नऊ दिवस झाले आणि पारण्याची सकाळ उजाडली. उपास सोडायचा दिवस. उपाश्रयाच्या ओसरीवर तप केलेल्या बाया ओळीने बसल्या होत्या, त्यांच्या घरची माणसं भोवती उभी होती. पानबाईंचे गाल आत गेले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं. नियम अजून चालू होता, पारणंही त्याच एका भांड्यातून व्हायचं होतं. माझ्यात ऊन लापशी होती. सुनेने सगळ्यांसमोर सासूच्या अन्नावर तूप वाढायचं, हा पारण्याचा मान. धनकुंवरने तूप कडकडीत तापवून फडक्यात गुंडाळलेल्या लोटीतून आणलं होतं, गार होऊ नये म्हणून. तिची लगबग मी सकाळपासून बघत होते.

तिने धार धरली. तूप लापशीवरून ओघळून माझ्या भिंतीला लागलं.

मित्रांनो, दुखणं म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. चर्र आवाज झाला. माझी एक बाजू आत बसली, आकसली, तिला भोक पडलं आणि तूप खाली फरशीवर टपकायला लागलं. तिखट, डोळ्यांना झोंबणारा वास सुटला. माझं वितळलेलं अंग लापशीत उतरत होतं. बाया पुढे वाकल्या. ताईबाई कौतुकाने म्हणाल्या की बघा, कापूस तूप पितोय. सगळ्या हसल्या. पानबाईही हसल्या. भूक लागली होती, नऊ दिवसांनी तूप समोर होतं. त्यांनी बोटांनी घास उचलला.

धनकुंवरने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, सासूजी."

सुनेचा आवाज ओसरीवरच्या पुष्कळ जणींनी पहिल्यांदाच ऐकला होता. ती सासूच्या पारण्याच्या घासाला आडवी आली होती, आणि तेही सगळ्यांसमोर. यापरता अपशकुन नाही. कोपऱ्यात उभे असलेले अभयकुमार पुढे आले आणि तिथेच थबकले. पानबाईंचा चेहरा लाल झाला.

"बिनणी, हात सोड," त्या म्हणाल्या. "नऊ दिवसांचं तप आहे माझं."

हात सोडला असता तर घास तोंडात गेला असता. न सोडावा तर या गावात, या घरात तिला पुन्हा कुणी उभं केलं नसतं. कदाचित त्याच आठवड्यात तिला शिरपूरच्या एस.टी.त बसवून दिलं असतं. माझ्याजवळ बोलून बोलून तिला बोलायची सवय राहिली होती म्हणून, की खरंच भीती वाटली म्हणून, पण ती बोलली. तिचा पदर मागे सरकला होता.

"तुम्ही रोज वाती वळता, सासूजी. वात रात्रभर तुपात असते. ती तूप पिते, पण विरघळत नाही. हा विरघळतोय. हा कापूस नाही."

तिने दुसऱ्या हाताचं बोट माझ्या भोकाच्या कडेला लावून वर उचललं. चिकाची असावी तशी पांढरी तार बोटाबरोबर वर आली. ती तिने सासूच्या डोळ्यांपुढे धरली.

पानबाई बघत राहिल्या. लहानपणापासून कापूस हाताळलेली बाई. त्यांनी घास हातातून खाली माझ्यात सोडला. मग तार आपल्या बोटावर घेऊन चोळली. ती चिकटून बसली, निघेना. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, "मग मी रोज धुऊन प्यायले, ते काय होतं?"

ताईबाईंनी मान खाली घातली. धनकुंवरला रडू आलं. मला माहीत होतं, मित्रांनो. तिथे जमलेल्यांत एकट्या मलाच माहीत होतं. मी थर्माकोल आहे, मी खाण्याची वस्तू नाही, मला तुमच्या पोटातून काढा, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. इतकी माणसं भोवती असताना मी इतकी एकटी कधीच नव्हते.

आता पंचाईत अशी की नियम एका भांड्याचा. ते भांडं तर फुटलं. दुसरं घेतलं तर नियम मोडतो. म्हाताऱ्या बाया आपसांत कुजबुजल्या, महाराजसाहेबांना, म्हणजे उपाश्रयातल्या साधूंना, विचारून यावं का, असं कुणी म्हणालं. पानबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी फरशीवर हात धुतले आणि ओंजळ पुढे केली.

"यात दे," त्या सुनेला म्हणाल्या. "तूच दे."

ताईबाईंच्या पातेल्यात मुगाचं कोमट पाणी होतं. धनकुंवरने ते वाटीने सासूच्या ओंजळीत ओतलं. पानबाई प्यायल्या, पुन्हा ओंजळ केली, पुन्हा प्यायल्या. ओंजळीतून गळणारे थेंब धनकुंवर आपल्या पदरात झेलत होती. तिचा पदर डोक्यावरून पार खांद्यावर आला होता आणि तो पुन्हा ओढ, असं तिला कुणी सांगितलं नाही. माझ्यातली लापशी, तिच्यात जीव पडू नयेत म्हणून, राखेत कालवून एका कोरड्या जागी नेऊन टाकली. मला धुतलं, आणि ते पाणी या वेळी वाळूत ओतलं.

थोड्या दिवसांनी मुंबईचा औषध कंपनीचा माणूस दुकानात आला. अभयकुमारांनी मला त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, "हे थर्माकोल. माल फुटू नये, गार राहावा, म्हणून असतं. यात कुणी जेवत नाही, शेठ." माझं खरं नाव त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं गेलं. आणि त्याच दिवशी मला दुकानाच्या माळ्यावर टाकलं.

माळ्यावरून खालचं सगळं ऐकू येतं. त्या दोघी आता बोलायच्या. आधी कामापुरतं, मग कामाशिवाय. धनकुंवरची धाकटी बहीण, तिच्याशी झालेलं ते जुनं भांडण, हे सगळं मी पुन्हा ऐकलं. या वेळी ती ते पानबाईंना सांगत होती, आणि पानबाई मधे मधे प्रश्न विचारत होत्या. मी कधी विचारू शकले नव्हते. मला आनंद झाला, पण खोटं कशाला बोलू, फार वाईटही वाटलं. ती पुन्हा कधी माझं झाकण काढून आत वाकली नाही. ती मला विसरली असं मी म्हणणार नाही. तिला माझी गरज उरली नाही.

रोज सकाळी पानबाईंचा घसा साफ करण्याचा आवाज यायचा. ती सवय त्यांची कधी गेली नाही. त्याचा माझ्याशी काही संबंध होता की नाही, हे मला कळलं नाही आणि आता कळायचंही नाही. त्या पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. मी मात्र रोज सकाळी तो आवाज ऐकायची आणि थिजून जायची.

पुढे माझ्या जातीचे पेले आले, वाट्या आल्या, ताटल्या आल्या. माझ्यात जे द्रव्य असतं त्याला स्टायरीन म्हणतात. कढत, तेलकट किंवा आंबट पदार्थ माझ्यात ठेवला की त्याचा अंश अन्नात उतरतो. तो दिसत नाही, आणि दर वेळी वासही येत नाही. रोज रोज पोटात गेला तर तो शरीराला बाधू शकतो, कर्करोगाचाही धोका असू शकतो, असं जाणकार सांगतात. त्यांचं म्हणणं मला माळ्यावर उशिरा पोचलं. मला जाळूही नका, माझा धूर वाईट असतो. आणि मी कुजत नाही. पानबाई गेल्या, अभयकुमार थकले, मी आहे तशीच आहे, कुशीत एक भोक घेऊन.

एकदा, या गोष्टीला बरीच वर्षं झाल्यावर, ताईबाईंच्या नातीचं लग्न निघालं. भजी ऊन राहायला एखादी पेटी हवी होती. त्यांना मी आठवले. एका बाजूला भोक आहे, पण खाली फडकं घातलं की झालं, असं त्या म्हणत होत्या. कुणीतरी माळ्याला शिडी लावली. पायऱ्यांवर पावलं वाजली. मित्रांनो, इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे आलं नव्हतं. माझ्यावर हात पडेल, मला खाली नेतील, माझ्यात पुन्हा काहीतरी ठेवतील, माझ्याभोवती बायका जमतील. पेटीला आणखी काय हवं असतं? तो हात माझ्यापर्यंत यावा असं मला मनापासून वाटलं.

खालून धनकुंवरचा आवाज आला. आता तो घरातला मोठा आवाज होता.

"ती नका काढू. तिच्यात काही घालायचं नाही."

पावलं उतरली, शिडी काढली. तिचं बरोबर होतं. कुणी माझ्यात वाफाळतं अन्न वाढू लागलं तर तुम्हीही त्याचा हात धरा. माझ्यात बर्फ ठेवा, औषधं ठेवा, काच ठेवा. ते नसेल तर मला रिकामी राहू द्या. मला ते आवडत नाही, पण तरीही राहू द्या.